पाण्याच्या वाटेनं लावलेल्या डिस्क

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, कर्मचारी संघटनेचे कार्यवाह, माझ्या नकाशा विभागातले सहकारी, पंपावरचे, टाकीवरचे, खोदाईवरचे आणि तक्रार खिडकीवरचे माझे सगळे भाऊ-बहिणी, पहिल्या रांगेत बसलेले माझे यजमान आणि माझी लेक, आणि मागच्या दाराशी, खुर्च्या रिकाम्या असूनही उभेच असलेले एक गृहस्थ, ज्यांच्याबद्दल मला पुढे बरंच बोलायचं आहे. आपणा सगळ्यांना नमस्कार.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जणांनी माझं कौतुक केलं. बाई मनमिळाऊ, बाई शांत, बाईंनी तेहतीस वर्षांत कधी वर मान करून उत्तर दिलं नाही. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कोण बरं बाई? भेटायला हवं एकदा. माझे यजमान तर दोनदा दचकून माझ्याकडे बघत होते, ते मी इथून पाहिलं.

मंडळी, निरोपाच्या दिवशी माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, हा रिवाज मला ठाऊक आहे. पण मी वर मान करून उत्तर दिलेलं आहे. एकदा नाही, तीनदा दिलेलं आहे, आणि तिन्ही वेळा लेखी. ती उत्तरं माझ्या सेवापुस्तकाला टाचलेली आहेत. तेव्हा ही एवढी दुरुस्ती करायची परवानगी अध्यक्षांनी द्यावी. दिली असं समजून मी पुढे जाते.

मी या खात्यात आले ती आरेखक म्हणून. तेव्हा नकाशे कापडावर असत. निळसर मेणकापड, त्यावर काळ्या शाईच्या रेघा. टाकीपासून निघालेला मोठा नळ जाड रेघेनं, गल्लीतला नळ बारीक रेघेनं, आणि वापरातून गेलेला नळ तुटक रेघेनं. जमिनीखाली जे काही आहे ते त्या रेघांत होतं. वर चालणाऱ्याला काही दिसत नाही. पायाखाली पाणी आहे हे माणसाला कळतं कधी? एक तर नळ कोरडा पडला की, नाही तर रस्ता खचला की.

मग संगणक आला. सगळे नकाशे त्यात घ्यायचे ठरले, त्याबरोबर प्रत्येक गल्लीची नव्यानं पाहणी झाली, खड्डे खणून फोटो काढले, टिपणं लिहिली. हे सगळं आधी फ्लॉपीवर आलं, नंतर सीडीवर. रोज पाच, रोज सात, कधी पंधरा. अभियंते पाहणी करून यायचे आणि माझ्या टेबलावर डिस्क ठेवून चहाला जायचे. ठेवून म्हणजे अक्षरशः कुठेही. मी एक सीडी चहाच्या कपाखाली बशी म्हणून ठेवलेली पाहिली आहे. एक खिडकीत पक्षी घालवायला टांगलेली होती. तिच्यावर अर्ध्या पूर्व भागाचे नळ होते.

तेव्हाच्या साहेबांना मी म्हटलं, "साहेब, या सगळ्या नीट लावून ठेवायला कुणीतरी हवं."

ते म्हणाले, "मग ठेवा की."

अशी माझी नेमणूक झाली. आदेश नाही, पद नाही, भत्ता नाही. जिन्याखाली एक खोली होती, तिथे मोडकी पाण्याची मीटरं पडलेली असत. ती मी रिकामी करून घेतली.

तुमच्यापैकी फार थोड्यांनी ती खोली आतून पाहिली आहे, म्हणून सांगते. आठ फूट बाय अकरा फूट. एका भिंतीला ओल येत होती, त्या भिंतीकडे मी काही ठेवलं नाही. बाकी तीन भिंतींना लोखंडी खणांची कपाटं. डिस्क आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत, त्या वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. त्यावर चिकटपट्टी लावायची नाही, ती सुटताना वरचा थर घेऊन सुटते. साध्या पेननं लिहायचं नाही. मऊ टोकाच्या पेननं, आणि तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. ऊन लागू द्यायचं नाही. आणि दमट हवा तर सगळ्यात वाईट. सीडीला बुरशी लागते हे मी लोकांना सांगायचे तेव्हा लोक हसायचे. म्हणायचे, बाई, लोणच्याला लागते. मी त्यांना भोकं पडलेली सीडी उजेडासमोर धरून दाखवायचे.

या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई इथे बसल्या आहेत, त्यांचे उपकार जाहीर मानते. ओल शोषणारे निळे खडे मी त्यांच्याकडून मागून आणायचे. ओल पिऊन ते गुलाबी झाले की पुन्हा त्यांच्या भट्टीत तापवायचे, पुन्हा निळे करून आणायचे. बावीस वर्षं मी वाटीभर खडे घेऊन त्यांचा जिना चढले. घरी माझ्या सासूबाई म्हणायच्या, "घरातल्या डब्यांना झाकणं नाहीत आणि हिच्या तबकड्यांना पाकिटं शिवून पाहिजेत." त्यांचं खोटं नव्हतं. पाकिटं मी खरंच शिवली होती, जुन्या मेणकापडाची नाही, मऊ कागदाची. पण डब्यांना झाकणं नव्हती हे खरं.

आता मुद्द्याची गोष्ट. ठेवणं सोपं असतं. लावणं अवघड असतं.

पहिल्यांदा मी डिस्क तारखेनं लावल्या. वर्षभरात कळलं की त्याचा उपयोग शून्य. कुणीच येऊन विचारत नाही की बाई, अमुक वर्षीच्या मार्चमध्ये काय झालं होतं. मग कामाच्या नंबरानं लावल्या. तेही फुकट. नंबर फक्त मलाच पाठ होते. दोन्ही वेळा सगळं पहिल्यापासून, अडीच-अडीच हजार डिस्क, कार्डं नवी, यादी नवी. माझ्या नाकी नऊ आले. तेव्हा एके दिवशी दुपारी खोलीच्या दारात आपले कानवाले काका येऊन उभे राहिले.

नव्या मंडळींना काका माहीत नसतील. ते व्हॉल्व्हमन. गळ्यात किल्ली नव्हे, खांद्यावर किल्ली, चार फुटांची, इंग्रजी टी अक्षरासारखी. सकाळी कुठल्या गल्लीचं पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, ते त्यांच्या हातात. कानवाले म्हणायचे कारण त्यांच्याकडे एक लोखंडी कांब असे. तिचं एक टोक नळावर टेकवायचे, दुसरं कानाशी. आणि सांगायचे, गळती इथे नाही, पुढे अकरा पावलांवर आहे. तिथे खणलं की तिथेच.

काकांनी माझे खण बघितले आणि म्हणाले, "बाई, हे उलटं-पालटं का लावलंय?"

मी म्हटलं, "मग कसं लावू?"

"पाणी कसं जातं? तसं लावा. टाकीपासून धरा. मोठा नळ. मग तो फुटतो तिथे डावीकडचा भाग, मग उजवीकडचा. मग रस्ता. मग गल्ली. मग गल्लीतली शेवटची तोटी. मी रोज सकाळी असाच चालतो. मला डोळे बांधून या खोलीत सोडा, मला सापडलं पाहिजे."

सात महिने लागले. पण त्या दिवसापासून या खात्याच्या डिस्क पाण्याच्या वाटेनं लागलेल्या आहेत. दाराशी पहिला खण टाकीचा. तिथून डाव्या हातानं चालत निघायचं, आणि पाणी जसं शहरात उतरतं तसं आपण खणांतून उतरायचं. वापरात असलेल्या नळाला पांढरं कार्ड, बंद नळाला पिवळं. काकांना आम्ही खरंच डोळे बांधून आत सोडलं होतं. सुताराच्या गल्लीची डिस्क त्यांनी पावलं मोजून काढली. हसू नका, या प्रसंगाला प्रयोगशाळेच्या बाई साक्षीदार आहेत.

दरवर्षी मी दहातली एक डिस्क चालवून बघायचे. खराब व्हायला लागली असेल तर तिची नवी प्रत काढायची. आणि दोन जुने ड्राइव्ह जपून ठेवले, कारण ड्राइव्ह नसेल तर डिस्क म्हणजे नुसती चकती. एवढंच माझं काम. यात कसली हुशारी नाही. रोजचं आहे, आणि कंटाळवाणं आहे. पण कंटाळवाणी कामं ज्या ठिकाणी कुणीच करत नाही, तिथे एक दिवस पाणी मुरतं. आपल्याच खात्यात ही म्हण वापरायची पंचाईत आहे, पण दुसरी सुचत नाही.

पाच वर्षांपूर्वी नवी संगणक प्रणाली आली. चांगली होती. मी तिच्या विरोधात कधीच नव्हते, हे कृपया लिहून घ्या, कारण माझ्या नावावर नेमकं उलटं लिहिलं गेलं आहे. बाहेरची मंडळी आली, त्यांनी आमच्या डिस्कवरून नकाशे नव्या प्रणालीत नेले. सहा आठवड्यांत संपवलं. मी त्यांच्यातल्या म्होरक्याला विचारलं, "पिवळ्या कार्डांचे खण तुम्ही उघडलेच नाहीत?"

तो म्हणाला, "ते बंद नळ आहेत ना? बंद झालेलं कशाला न्यायचं, मॅडम?"

मी म्हटलं, "नळ बंद झाला म्हणजे जमिनीतून उठून गेला का?"

तो गोड हसला. त्याला हुकूम होता तेवढंच त्यानं केलं. मग आदेश आला: सर्व डिस्क नष्ट कराव्यात, आणि नष्ट केल्याच्या दाखल्यावर प्रभारी म्हणून बाईंनी सही करावी. मी लिहून दिलं की, जुनं आणि नवं कुणीतरी समोरासमोर ठेवून ताडून बघावं, जुळलं की मी सही करीन. हे माझं पहिलं उत्तर. मला ज्ञापन आलं, की आपण कामात अडथळा आणत आहात. मी लिहिलं, अडथळा कुठल्या कामात ते कळावं. हे दुसरं. मग माझी बदली तक्रार खिडकीवर झाली, आणि दाखल्यावर तेव्हाच्या उपअभियंत्यांनी स्वतः सही केली. जायच्या आदल्या दिवशी मला शेवटचा कागद मिळाला: "डिस्कच्या पेट्या उद्या सकाळी गाडीत भरून द्याव्यात."

आता मी जे सांगणार आहे ते आजवर तीन माणसांना माहीत होतं. आज दोनशेंना होईल.

सीडी विकत आणली की ती प्लास्टिकच्या चपट्या पेटीत येते. त्या रिकाम्या पेट्या मी कधी टाकल्या नव्हत्या. जिन्याच्या माथ्यावर पोत्यांत होत्या. आदेशात म्हटलं होतं पेट्या. मी पेट्या दिल्या. एकोणतीस पोती. गाडीवाला मोजून घेऊन गेला, पावती देऊन गेला. एकानंही एक पेटी उघडून पाहिली नाही. आणि डिस्क? डिस्क कागदाच्या पाकिटांत, आपापल्या खणांत, पाण्याच्या वाटेनं, जिथल्या तिथे उभ्या होत्या. मी खोलीला कुलूप लावलं आणि तक्रार खिडकीवर जाऊन बसले. रोज जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं जायचे, खडे बदलायचे.

ही शिस्तभंगाची गोष्ट आहे का? आहे. मी कबूल करते. कार्यवाह मला खुणेनं थांबा म्हणत आहेत. थांबायचं असतं तर मी आजारी पडून घरीच राहिले असते, आणि पुष्पगुच्छ तुम्ही घरपोच पाठवला असतात.

तर, तीन वर्षांपूर्वी. छापखाना गल्ली. तुम्हा सगळ्यांना आठवत असेल; आठवत नाही म्हणणाऱ्यांनीही आठवावं. एका आठवड्यात कावीळ झालेली चौदा माणसं. पुढच्या आठवड्यात एकेचाळीस. गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई होती, सातवा महिना चालू होता. माझ्या तक्रार खिडकीवर पहिली तक्रार तिनंच आणली होती, बाटलीत पाणी घेऊन. मला म्हणाली, "बाई, वास बघा. मी उगाच नाही म्हणत." मी वास घेतला. नोंद केली. वर पाठवली. तीन दिवसांनी पुन्हा पाठवली. बाराव्या दिवशी ती काविळीनं गेली. तिच्याबरोबर तिचं मूलही गेलं.

मी तो वास विसरलेली नाही. आणि त्या नोंदीवर वरून काय शेरा आला तेही विसरलेली नाही. शेरा होता: "प्रणालीनुसार सदर गल्लीत दोष नाही."

माणूस गेलं की खापर फोडायला डोकं लागतं. डोकं कुणाचं सापडलं? काकांचं. म्हणे त्यांनी सकाळी व्हॉल्व्ह अर्धवट ठेवला, त्यामुळे नळातला दाब पडला, आणि गटाराचं पाणी कुठूनतरी आत ओढलं गेलं. दुसऱ्याच दिवशी निलंबन, आणि वर खातेचौकशी. एकतीस वर्षं सकाळी चारला उठणारा माणूस. गल्लीतल्या लोकांनी त्यांच्या घरासमोर येऊन शिव्या दिल्या. त्यांच्या सुनेनं दार लावून घेतलं, तर ते दार उघडून बाहेर आले आणि ऐकत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ते माझ्या खिडकीशी आले. रांगेत उभे राहून आले. म्हणाले, "बाई, माझा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. मी सहा पायऱ्यांच्या घरापाशी कांब लावून ऐकलंय. तिथे नळाच्या पोटात दुसरा आवाज आहे. तिथे काहीतरी जोडलेलं आहे. पण साहेब म्हणतात, नकाशात काही नाही."

मी खिडकीवर 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी लावली. ती पाटी, मंडळी, पुढे चार तास तशीच होती.

खोली उघडली. टाकी, मोठा नळ, उजवा भाग, बाजाराचा रस्ता, छापखाना गल्ली. पिवळं कार्ड. चालत आम्हाला एक मिनिट लागलं नसेल. डिस्क ड्राइव्हमध्ये घातली तर ती फिरते आणि थांबते, फिरते आणि थांबते. 'वाचता येत नाही' असं पडद्यावर येतं. काका माझ्याकडे बघतात, मी ड्राइव्हकडे बघते. बाहेर काढली, मऊ कापडानं पुसली, मधून कडेकडे, सरळ. तरी नाही. मग दुसरी प्रत काढली. माझ्या पिवळ्या कार्डांच्या मी दोन प्रती ठेवत होते, कारण बंद गोष्टींकडे दुसरं कुणी बघत नाही. ती उघडली.

फोटो होता. खणलेला खड्डा, त्यात चार इंची जुना बिडाचा नळ. गल्लीतला छापखाना चालू होता तेव्हा त्यांच्या धुण्याच्या हौदाला पाणी नेणारा. छापखाना बंद झाला, हौद पाडला, नळ जमिनीत राहिला. गल्लीच्या नळाला जोडलेलाच. मध्ये एक व्हॉल्व्ह बंद केलेला, बस. आणि त्याचं दुसरं टोक उघडं. टोकाच्या वरून गटार. म्हणजे त्या बंद व्हॉल्व्हचं रबर कुजलं, की पाणी थांबवण्याच्या प्रत्येक वेळी गटारातलं घोटभर आत.

काका म्हणाले, "हाच तो आवाज."

मी फोटो छापून घेतला आणि उपअभियंत्यांच्या खोलीत गेले. त्यांनी तो बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ही लाइन प्रणालीत नाही."

"साहेब, प्रणालीत नाही. जमिनीत आहे."

"हा फोटो तुमच्याकडे कुठून आला? डिस्क तर नष्ट झाल्या आहेत. तसा दाखला आहे."

"दाखला तुमच्या सहीचा आहे, साहेब. माझ्या नाही."

त्यांची अडचण मला समजली, मी काही दगड नाही. फोटो खरा मानला तर दाखला खोटा पडतो. ते म्हणाले, "खोदाईचा आदेश मी देऊ शकत नाही. लेखी प्रस्ताव द्या, बघू."

मी लेखी दिलं. तिथेच, त्यांच्या टेबलावरचा कागद घेऊन. पण प्रस्ताव दिला नाही. मी लिहिलं: छापखाना गल्लीत सहा पायऱ्यांच्या घरासमोर खोदाई माझ्या जबाबदारीवर करावी, काही न सापडल्यास नोकरीवरून कमी करावं. खाली सही, तारीख. हे माझं तिसरं उत्तर. एक प्रत त्यांच्यासमोर ठेवली, दुसरी घेऊन खोदाईच्या मुकादमांकडे गेले. मुकादम तिकडे उजवीकडे बसले आहेत, मान खाली घालून. घालू नका, मुकादम. त्यांनी कागद वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला खोदाईचा आदेश द्यायचा अधिकार नाही."

मी म्हटलं, "नाही."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि टिकाव उचलला.

भर दुपारी गल्लीतले लोक भोवती जमले. काका आले तसे काही जण पुढे सरसावले. काकांनी कुणाकडे बघितलं नाही. कांब टेकवली, कान लावला, पायानं रेघ ओढली. साडेचार फुटांवर नळ लागला. उघडं टोक गटाराच्या पाण्यात बुडालेलं होतं. मी ते बघितलं, त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नवऱ्यानं बघितलं. तो माझ्या शेजारीच उभा होता. खाली उतरून त्यानं मुकादमांना टोपण बसवायला हात दिला.

पुढे आणखी महिनाभर नवे रुग्ण येत राहिले, कारण या आजाराला आत शिरल्यावर दिसायलाच काही आठवडे लागतात. प्रयोगशाळेच्या बाई घरोघर जाऊन लोकांना हेच सांगत होत्या आणि रोज पाणी तपासत होत्या. पाणी तिसऱ्या दिवसापासून स्वच्छ होतं. मग नवे रुग्ण थांबले.

आणि अहवाल? अहवालात लिहिलं गेलं: "नवीन प्रणालीच्या साहाय्याने दोषाचे स्थान निश्चित करण्यात आले." काका चार महिन्यांनी कामावर परत आले. त्यांच्या पत्रात होतं, "सहानुभूतिपूर्वक विचार करून, समज देऊन, चौकशीच्या अधीन राहून रुजू करून घेण्यात येत आहे." समज. कसली समज? ज्यानं नळाच्या पोटातला आवाज ओळखला, त्याला कसली समज देणार आहात? गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांचा समारंभ झाला नाही. चौकशी प्रलंबित असलेल्याचा करत नाहीत म्हणे. आजही ती प्रलंबित आहे. आज मी त्यांना घरून घेऊन आले. दाराशी उभे आहेत ते कानवाले काका. बसायला सांगितलं तर म्हणाले, निमंत्रण नाही.

हे सगळं आज का सांगते आहे? बाईंना जाता जाता उट्टं काढायचं आहे, असं काहींना वाटेल. वाटू द्या. पण कारण साधं आहे. निवृत्त होणाऱ्यानं आपल्या ताब्यातल्या वस्तूंची यादी देऊन ताबा सोडायचा असतो. नियम आहे. मी गेल्या सोमवारी यादी दिली. एकशे अडतीस पानं, चार हजार तीनशे बारा डिस्क, दोन ड्राइव्ह, एक वाटी निळे खडे. बुधवारी यादी परत आली. वर शेरा: "सदर वस्तू अभिलेखानुसार अस्तित्वात नाहीत. ताबा घेता येत नाही."

म्हणजे मी ज्या खोलीत सव्वीस वर्षं काढली तिथे काहीच नाही. आणि जिथे काही नाही तिथून फोटो येऊ शकत नाही. आणि फोटो नाही तर ती लाइन प्रणालीनं शोधली, आणि काकांचा व्हॉल्व्ह अर्धवट होता. कळलं ना तुम्हाला? ताबा घेणाऱ्याच्या एका नसलेल्या सहीवर तीन खोट्या गोष्टी उभ्या आहेत.

अध्यक्ष साहेब, तेव्हाचे उपअभियंता आज मुख्य अभियंता आहेत. सभागृहाला हे मी सांगायची गरज नाही, पण साहेब, एक गोष्ट तुम्हालाही माहीत नसावी. त्या डिस्कवर फोटोबरोबर एक टिपण होतं. त्या दिवशी घाईत मी ते वाचलंच नाही. यादी करताना मागच्या महिन्यात उघडलं. बावीस वर्षांपूर्वी छापखाना गल्लीची पाहणी करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यानं लिहिलं आहे, मी वाचते: "बंद नळाचे टोक उघडे असून गटाराखाली आहे. धोका आहे. तातडीने टोपण बसवावे." एकदा नाही, सहा महिन्यांत तीनदा स्मरणपत्र पाठवल्याची नोंद आहे. कुणी दखल घेतली नाही. खाली त्या तरुण अभियंत्याची सही आहे.

साहेब, ती तुमची सही आहे.

तुम्ही शेकडो गल्ल्या केल्यात, एक लक्षात राहिली नसेल. पण तुमचं काम चोख होतं. तुमचं ऐकलं असतं तर ती बाई आज असती. आणि जगातला एकच पुरावा, की तुम्ही वेळेवर सांगितलं होतं, तो तुम्ही स्वतःच्या सहीनं नष्ट केलात. कागदावर. खोलीत तो मी ठेवला आहे. मला तुम्हाला खाली बघायला लावायचं नाही. मला तुमच्याकडून तेवढंच हवं आहे जे त्या कनिष्ठ अभियंत्यानं न मागता केलं होतं. जे आहे ते आहे असं लिहावं.

ही यादी. हे शेवटचं पान. ताबा घेणाऱ्याची सही इथे. ती झाली की डिस्क आहेत, फोटो खरा आहे, आणि एका माणसाची चौकशी उद्या सकाळी बंद करावी लागेल. न झाली, तर मी निवृत्त होत नाही. आणा ती पुष्पगुच्छाची बादली उद्या पुन्हा. मी नसलेल्या खोलीची प्रभारी म्हणून रोज साडेदहाला येईन, आणि तुम्हाला मला काढताही येणार नाही, कारण नसलेल्या खोलीतून कुणाला काढणार?

आता आभार. प्रयोगशाळेच्या बाईंचे, खड्यांसाठी. मुकादमांचे, टिकावासाठी. कार्यवाहांचे, त्यांनी माईक बंद केला नाही यासाठी. माझ्या यजमानांचे आणि लेकीचे, झाकण नसलेल्या डब्यांतलं खाऊन त्यांनी कधी तक्रार केली नाही यासाठी. बोलण्याच्या ओघात कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, तर शब्दाबद्दल मला मोठ्या मनानं क्षमा करावी. मजकुराबद्दल मी क्षमा मागत नाही.

साहेब उठले आहेत. बसा सगळे, टाळ्या नकोत, त्यांना लिहू द्या. हे घ्या पेन. नाही साहेब, तिथे नाही, त्याच्या खालच्या ओळीत. पूर्ण सही. आणि तारीख घाला, आजची.

काका, पुढे या. बसा.